आकडा अमेरिकेचा, कान आपला

मोबाइलच्या रेडिएशनबद्दल आपल्याकडे दोनच सुरांत बोललं जातं. एक सूर व्हॉट्सॲपवरचा: टॉवरमुळे कॅन्सर होतो, उशाशी फोन ठेवला की मेंदू भाजतो, वगैरे. दुसरा सूर सरकारी उत्तरांमधला: आपले नियम जगातल्या कडक नियमांपैकी आहेत, तेव्हा काळजीचं कारण नाही. पहिल्या सुराची चिरफाड करणारे लेख अधूनमधून येतात. दुसऱ्याकडे फारसं कुणी बघत नाही, कारण तो ऐकायला शहाणा वाटतो. आजची पोस्ट त्या दुसऱ्या सुराबद्दल आहे.

माझ्या पीएच.डी.चा विषय तांत्रिक मानकं हा आहे. म्हणजे एखाद्या वस्तूबाबत 'इथपर्यंत चालेल, याच्या पुढे नाही' हे कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि पुढे ते पाळलं जातंय की नाही हे कोण बघतं. मोबाइलच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरं शोधायला गेलं की एक सरकारी कागद टाळता येत नाही. दूरसंचार विभागाने ऑगस्ट २०१० मध्ये एक आंतर-मंत्रालयीन समिती नेमली आणि तिने जानेवारी २०११ मध्ये अहवाल दिला. तुमच्या फोनच्या माहितीत एसएआर नावाचा जो आकडा दिसतो, त्याची भारतातली मर्यादा या अहवालाच्या शिफारशीतून आली.

माझं म्हणणं थोडक्यात असं: या समितीने प्रश्न अगदी बरोबर विचारला, पण उत्तर उसनं आणलं. आणि उसनं आणताना नुसता आकडा आणला. तो पाळला जातोय हे तपासण्याची यंत्रणा आकड्यासोबत येत नसते, ती ज्याची त्यालाच उभारावी लागते.

आधी एसएआर समजून घेऊ

फोन बोलताना रेडिओ लहरी सोडतो. त्यातल्या काही टॉवरकडे जातात, काही आपल्या डोक्यात आणि हातात जिरतात. जिरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. शरीराच्या एका किलोमागे किती वॉट जिरले, हे सांगणारं माप म्हणजे एसएआर. त्याचं एकक वॉट प्रति किलो.

या लहरी क्ष-किरणांच्या जातीच्या नाहीत. शरीरातल्या रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्यामुळे 'रेडिएशन' शब्द ऐकला की लगेच चेर्नोबिल आठवायची गरज नाही. ठामपणे सिद्ध झालेला परिणाम एकच आहे, तो म्हणजे उष्णता. बाकीच्या परिणामांवर वाद आहे, त्याकडे पुढे येतेच.

आता एक बारकावा. डोक्यात सगळीकडे ऊर्जा सारखी जिरत नाही. कानाजवळ जास्त, पलीकडे कमी. म्हणून सरासरी किती भागावर काढायची हे ठरवावं लागतं. अमेरिकेत ती १ ग्रॅम ऊतींवर काढतात, म्हणजे साधारण १ सेंटीमीटर बाजूचा ठोकळा. तिथली मर्यादा १.६ वॉट प्रति किलो. युरोपात ती १० ग्रॅमवर काढतात, म्हणजे दोन सेंटीमीटरपेक्षा थोड्या मोठ्या बाजूचा ठोकळा. डोकं आणि धड यांसाठी तिथली मर्यादा २.

वरवर पाहता १.६ आणि २ मध्ये फार फरक वाटत नाही. पण चमचाभर तिखट वाटीभर आमटीत पडलं आणि तेवढंच पातेलंभर आमटीत पडलं, तर चव सारखी लागेल का? ठोकळा मोठा घेतला की एका जागी साठलेली ऊर्जा सरासरीत विरून जाते. म्हणून १ ग्रॅमवरची १.६ ही मर्यादा दिसते त्यापेक्षा बरीच कडक आहे.

भारतात २००८ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे १० ग्रॅमवर २, अशी मर्यादा होती. समितीच्या शिफारशीनंतर १ सप्टेंबर २०१२ पासून नव्या फोनसाठी १ ग्रॅमवर १.६ लागू झाली. आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलना ३१ ऑगस्ट २०१३ पर्यंत मुदत मिळाली. म्हणजे कागदावर आपण कडक झालो, यात शंका नाही.

हा १.६ आला कुठून?

इथून पुढे गोष्ट जरा रंजक होते.

अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, ही मर्यादा १९९६ मध्ये स्वीकारली. तिच्या मुळाशी जे प्रयोग आहेत ते त्याहून जुने. उंदीर आणि माकडं यांना एक काम शिकवलं होतं: कळ दाबली की खाऊ मिळतो. मग त्यांच्यावर रेडिओ लहरी सोडल्या. संपूर्ण शरीराचा एसएआर साधारण ४ वॉट प्रति किलोपर्यंत गेला की शरीराचं तापमान अंदाजे एका अंशाने वाढायचं आणि प्राणी शिकलेलं काम सोडून द्यायचे. हे प्रयोग साधारण तासाभराचे.

या ४ ला आधी १० ने भागलं. उरले ०.४, ही कामगारांसाठीची मर्यादा. सामान्य लोकांमध्ये म्हातारे, मुलं, आजारी सगळेच आले, म्हणून आणखी ५ ने भागलं आणि ०.०८ आलं. पण हे झालं संपूर्ण शरीराचं. फोन तर कानाजवळच्या छोट्या भागावरच काम करतो. शरीरात एखाद्या जागी सरासरीच्या वीसपट ऊर्जा साठू शकते असं धरलं. ०.०८ गुणिले २० म्हणजे १.६.

बघा, या हिशोबात मोबाइल फोन कुठेच नाही. रोज तीन-चार तास, वीस-तीस वर्षं फोन वापरणारा माणूस तर नाहीच नाही. १९९६ मध्ये तो असणारही नव्हता. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केलेला. याचा अर्थ १.६ हा आकडा चुकीचा आहे असा होत नाही. भागाकार करताना सुरक्षिततेसाठी बरीच जागा सोडलेली आहे. अर्थ एवढाच की तो एका ठरावीक काळातल्या माहितीवरून काढलेला, व्यवहारी अंदाज आहे. असे अंदाज ठरावीक काळाने पुन्हा तपासायचे असतात.

मोजणीची पद्धतही बघण्यासारखी आहे. जिवंत माणसाच्या मेंदूत सुई घालून काही मोजता येत नाही. म्हणून प्लास्टिकचं पोकळ डोकं बनवतात. त्यात शरीरातल्या ऊतींसारखे विद्युत गुणधर्म असलेला द्रव भरतात, फोन कानाला लावतात आणि यंत्राच्या हाताला जोडलेली बारीक सळई द्रवात फिरवून मोजमाप घेतात. हे डोकं कुणाचं? अमेरिकी सैन्यातल्या पुरुषांच्या १९८०च्या दशकाअखेरच्या शरीरमापनावरून घेतलेलं. त्यातही मोठ्या डोक्यांपैकी, म्हणजे शंभरातल्या नव्वद सैनिकांपेक्षा मोठं.

मानक बनवणारे म्हणतात, मोठ्या डोक्यात जास्त ऊर्जा जिरते, म्हणून मोठं डोकं घेणं सुरक्षित. टीकाकार म्हणतात, लहान मुलांची कवटी पातळ, मेंदू फोनला जवळ, त्यामुळे मेंदूच्या काही भागांत जास्त जिरू शकतं. दोन्ही बाजूंकडे अभ्यास आहेत. तो वाद इथे मिटवायचा नाही. पुढे जो मुद्दा येतोय त्यासाठी फक्त हे डोकं लक्षात ठेवा.

अहवालातली फट

आता समितीच्या अहवालाकडे परत येऊ. मर्यादा कडक का करायची, याचं समितीने दिलेलं कारण असं आहे: आपला देश उष्ण कटिबंधातला. युरोपीयांच्या मानाने सरासरी भारतीयाचा बीएमआय कमी, अंगात चरबी कमी. शिवाय आजूबाजूला रेडिओ लहरींचं प्रमाण जास्त. म्हणून भारतीयांना त्रासाची शक्यता जास्त असू शकते.

मला हा परिच्छेद मनापासून आवडतो. आपल्याकडच्या किती सरकारी समित्यांनी असा प्रश्न विचारला असेल? बाहेर ठरलेला आकडा आपल्या अंगाला बसतो का, हा प्रश्न मानकांच्या अभ्यासात फार मोलाचा आहे. शर्टाच्या मापापासून औषधाच्या डोसपर्यंत तो लागू पडतो.

पण मग पुढची पायरी काय असायला हवी होती? आपलं शरीर वेगळं असं म्हणायचं असेल तर ते वेगळेपण मोजायला हवं. उन्हाळ्यात चंद्रपूरला बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, शरीर आधीच उष्णता बाहेर टाकायला धडपडत असताना, बाहेरून आलेल्या जादा उष्णतेचं काय होतं? भारतीय डोक्याच्या मापावर, आपल्या मुलांच्या डोक्याच्या मापावर एसएआर किती येतो? भारतात दीर्घकाळाचं संशोधन व्हायला हवं अशी शिफारस अहवालात आहे, हे मान्य केलं पाहिजे. पण मर्यादा त्या संशोधनातून आली नाही. ती अमेरिकेतून जशीच्या तशी आली.

म्हणजे झालं काय? भारतीय शरीर वेगळं आहे म्हणून, अमेरिकी सैनिकाच्या डोक्यावर मोजला जाणारा आकडा आपण स्वीकारला! युक्तिवादाचा पहिला भाग आणि निष्कर्ष यांच्यामध्ये जो पूल हवा होता, तो नाहीच. '२ पेक्षा १.६ कमी, कमी म्हणजे चांगलं' एवढ्यावर काम भागलं. पैलतीराला पोचलो खरे, पण कसे पोचलो हे विचारू नका, अशातली गत.

यावर कुणी म्हणेल, कमी आकडा घेतला ना, मग बिघडलं कुठे? बिघडलं असं नाही. पण आकड्यामागचं कारण ठाऊक नसलं की तो कधी बदलायचा हेही कळत नाही. उद्या उद्योगांनी म्हटलं की हा आकडा शिथिल करा, किंवा एखाद्या संघटनेने म्हटलं की निम्मा करा, तर सरकारकडे दोघांनाही देण्यासारखं उत्तर नसतं. अमेरिका बदलेल तेव्हा बघू, एवढंच उरतं.

आणि अमेरिकेत काय चाललं होतं?

आपण १.६ लागू केला १ सप्टेंबर २०१२ ला. त्याच्या काही आठवडे आधीच अमेरिकेत या आकड्यावर प्रश्न उभा राहिला होता.

जीएओ ही तिथल्या संसदेची लेखापरीक्षण संस्था. साधारण आपल्या कॅगसारखी समजा. जुलै २०१२ च्या अहवालात तिने एफसीसीला दोन गोष्टी सांगितल्या. एक, तुमची मर्यादा १९९६ पासून तशीच आहे, नव्या संशोधनाच्या उजेडात तिचा औपचारिक फेरविचार करा. दोन, तुमची चाचणी लोक फोन जसा वापरतात तशी नाही. लोक फोन खिशात, अंगाला चिकटून ठेवतात. चाचणीत तो अंगापासून लांब धरलेला असतो. तीही तपासा.

यावर एफसीसीने मार्च २०१३ मध्ये चौकशी सुरू केली. लोकांकडून, शास्त्रज्ञांकडून लेखी मतं मागवली. साडेसहा वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, ती बंद केली. निष्कर्ष: काही बदलायची गरज नाही.

प्रकरण वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात गेलं. १३ ऑगस्ट २०२१ ला दोन विरुद्ध एक मतांनी निकाल लागला, आणि हा निकाल दोन्ही बाजूंचे लोक चुकीचा सांगतात म्हणून जरा सावकाश बघू. 'मोबाइल घातक आहे' असं न्यायालय म्हणालं नाही. विज्ञानाच्या वादात आपण कुठलीही बाजू घेत नाही, असं त्याने स्पष्ट केलं. कॅन्सरच्या मुद्द्यावर तर एफसीसीने दिलेलं स्पष्टीकरण त्याने पुरेसं मानलं. पण कॅन्सरखेरीजचे परिणाम, मुलं, दीर्घकाळाचा संपर्क, १९९६ नंतर बदललेलं तंत्रज्ञान आणि पर्यावरण यांबद्दल समोर आलेल्या पुराव्याला एफसीसीने कारणासहित उत्तर दिलेलं नाही, असं ठरवून मामला तिच्याकडे परत पाठवला.

एफसीसीचा बचाव काय होता? अन्न आणि औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, म्हणतं की सगळं ठीक आहे. न्यायालय म्हणालं, एफडीएच्या त्या विधानांमध्येही 'ठीक आहे' यापलीकडे कारण दिलेलं नाही. त्यांचं म्हणणं नुसतं पुढे सरकवलं म्हणजे तुमचं कर्तव्य संपत नाही. तलाठ्याने तहसीलदाराकडे बोट दाखवावं आणि तहसीलदाराने नुसता 'बरोबर आहे' असा शेरा मारावा, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही. फरक एवढाच की तिथे न्यायालयाने शेऱ्यामागचं कारण मागितलं.

आकडा उसना घेताना आपण नेमकं काय मागे सोडलं, ते इथे दिसतं. अमेरिकेच्या देखरेखीत ढीगभर दोष आहेत. पण तिथे लेखापरीक्षकाने प्रश्न विचारला, नियामकाला लेखी उत्तर द्यावं लागलं आणि उत्तर अपुरं म्हणून न्यायालयाने परत पाठवलं. हे सगळं मिळून त्या १.६ ला अर्थ येतो. आपल्याकडे आला तो सुटा आकडा.

अंतराचा खेळ

जीएओच्या दुसऱ्या मुद्द्याकडे वळू, कारण तो तुमच्या-माझ्या खिशाशी संबंधित आहे.

रेडिओ लहरींची तीव्रता अंतरासोबत झपाट्याने कमी होते. चाचणीत फोन अंगाला टेकवला आणि दीड सेंटीमीटर लांब धरला, तर आकड्यात मोठा फरक पडतो. अमेरिकेत अंगावर बाळगण्याच्या चाचणीसाठी अडीच सेंटीमीटरपर्यंत अंतर ठेवायला उत्पादकांना मुभा होती. फोन पट्ट्याला कव्हरमध्ये लटकवायच्या काळातला तो नियम. मग फोनसोबतच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहायचं की अंगापासून इतके मिलिमीटर लांब ठेवा. ती ओळ किती लोक वाचतात?

फ्रान्समध्ये रेडिओ लहरींची देखरेख करणारी संस्था आहे, एएनएफआर. तिने २०१५ मध्ये फोन थेट अंगाला टेकवून मोजले, तेव्हा दहापैकी जवळपास नऊ फोन २ च्या वर गेले. गंमत म्हणजे त्यातला एकही फोन तेवढ्यावरून बेकायदेशीर ठरत नव्हता, कारण तेव्हाच्या नियमात अंतर सोडायला परवानगी होती. २०१६ मध्ये युरोपने धडाच्या चाचणीचं अंतर जास्तीत जास्त ५ मिलिमीटरवर आणलं.

आणि मग आलं आयफोन १२ चं प्रकरण. १२ सप्टेंबर २०२३ ला एएनएफआरने ॲपलला हा फोन फ्रान्सच्या बाजारातून मागे घ्यायला सांगितलं. फोन हातात धरल्यावर किंवा पँटच्या खिशात ठेवल्यावर, म्हणजे हातापायांसाठी, मर्यादा ४ वॉट प्रति किलो आहे. मोजणीत ५.७४ आले. ॲपलने निष्कर्ष मान्य केला नाही, पण फ्रान्ससाठी सॉफ्टवेअर बदलून दिलं. एएनएफआरने ते तपासलं आणि विक्री पुन्हा सुरू झाली.

यातली खरी बातमी ५.७४ ही नाही. मर्यादेत भरपूर जागा सोडलेली असल्याने त्या फोनमुळे कुणाला इजा झाली असा अर्थ होत नाही, आणि तसा दावा एएनएफआरनेही केला नव्हता. खरी बातमी ही की तपासणीसाठीचे फोन कंपनीने पाठवले नव्हते. एएनएफआरने दुकानांतून १४१ फोन उचलले, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासले आणि निकाल जाहीर केला. आयफोन १२ तेव्हा तीन वर्षं जुना होता. कंपनीची कागदपत्रं तीन वर्षं व्यवस्थितच होती. कुणीतरी दुकानातून उचलून मोजला, तेव्हा कळलं.

मग मोबाइलने कॅन्सर होतो का?

हा प्रश्न टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना '२ ब' गटात टाकलं: कर्करोगकारक असण्याची शक्यता आहे, पण पुरावा मर्यादित. २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने उंदरांवरच्या मोठ्या अभ्यासाचे अंतिम निष्कर्ष दिले. रोज नऊ तास, संपूर्ण शरीरावर, फोनच्या मर्यादेइतक्या आणि त्याहून जास्त पातळीवर लहरी सोडल्या होत्या. नर उंदरांच्या हृदयात एका प्रकारच्या गाठी जास्त आढळल्या. पण तेच उंदीर लहरी न दिलेल्या उंदरांपेक्षा जास्त जगले! हा अभ्यास व्हावा अशी सूचना मुळात एफडीएचीच, १९९९ मधली. निष्कर्ष आल्यावर ते माणसांना लागू करता येत नाहीत असं एफडीएने म्हटलं. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला, माणसांवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा आला. त्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही.

माझ्या वाचनात पुराव्याचं पारडं 'मेंदूच्या कर्करोगाचा धोका दिसत नाही' या बाजूला झुकलेलं आहे. मग देखरेखीचा एवढा आग्रह कशासाठी? कारण हे सगळे अभ्यास एक गोष्ट गृहीत धरतात: लोकांच्या हातातले फोन मर्यादेत आहेत. लिफ्ट पडत नाही हे खरं, पण ती का पडत नाही? दरवर्षी कुणीतरी येऊन तपासतो म्हणून. तपासणी बंद करून 'लिफ्ट सुरक्षित असते' म्हणत बसणं याला विज्ञाननिष्ठा म्हणता येणार नाही.

आपल्याकडे बघतं कोण?

२०१२ च्या व्यवस्थेत दोन भाग होते: टॉवर आणि फोन.

टॉवरसाठी मर्यादा आंतरराष्ट्रीय पातळीच्या एक दशांश केली. म्हणजे ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ४.५ वॉटऐवजी ०.४५. कंपन्यांनी स्वतः प्रमाणपत्र द्यायचं आणि दूरसंचार विभागाच्या क्षेत्रीय कार्यालयांनी त्यातले दहा टक्के दरवर्षी नमुन्यादाखल तपासायचे, अशी रचना ठरली. दंड पुढे वाढवून दहा लाखांपर्यंत नेला. मे २०१७ मध्ये 'तरंग संचार' हे पोर्टल आलं. तिथे आपल्या भागातल्या टॉवरची माहिती बघता येऊ लागली आणि ४००० रुपये भरून आपल्या जागी मोजणी करून घेण्याचीही सोय झाली. यातही बहुतेक भार स्वतःच्या प्रमाणपत्रावरच आहे. तरी नागरिकाला कुठेतरी दार आहे.

फोनचं काय? उत्पादकाने स्वतः जाहीर करायचं की आपला फोन मर्यादेत आहे. एसएआर फोनवर दाखवायचा, पुस्तिकेत छापायचा. सरकारची प्रयोगशाळा तयार झाल्यावर बाजारातले फोन अधूनमधून तपासायचे. दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राची अशी प्रयोगशाळा दिल्लीत उभीही राहिली. कीपॅडवर *#०७# दाबलं की आकडा समोर येतो. बघा दाबून. पण जे दिसतं ते सरकारने मोजलेलं नसतं. ते कंपनीचं म्हणणं असतं.

टॉवरवर आपला जास्त राग आणि फोनवर विश्वास, हेही जरा उलटंच आहे. सोसायटीच्या गच्चीवरच्या टॉवरवरून सभा गाजतात, पण डोक्याला सर्वांत जास्त ऊर्जा देणारी वस्तू हातातच असते. शिवाय फोन आणि टॉवर यांचं नातं असं की टॉवर लांब गेला, सिग्नल कमी झाला, की फोन स्वतःची शक्ती वाढवतो. घाटातल्या गावात एक दांडी सिग्नलवर बोलणाऱ्याचा फोन पुण्यात चार दांड्यांवर बोलणाऱ्याच्या फोनपेक्षा जास्त जोर लावत असतो. लोकांचा राग जिथे आहे तिथे सरकारने पोर्टल दिलं. जास्त ऊर्जा जिथून येते तिथे कंपनीचा कागद पुरला.

काय मागायचं?

समितीचा अहवाल रद्दी आहे असं मला म्हणायचं नाही. त्याने विचारलेला प्रश्न आजही जिवंत आहे. तो पुढे न्यायचा तर चार साध्या गोष्टी लागतील, आणि त्यांसाठी नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही.

एक, तपासणीचे फोन कंपनीकडून न मागवता दुकानातून घ्या. स्वस्त फोन, जत्रेत आणि आठवडी बाजारात विकले जाणारे फोनसुद्धा.

दोन, ते लोक बाळगतात तसे, म्हणजे अंगाला टेकवून किंवा त्याच्या जवळपास मोजा, आणि अंतर किती ठेवलं ते निकालाशेजारी लिहा. अंतराशिवाय एसएआर सांगणं म्हणजे तारखेशिवाय दुधाची पिशवी विकणं.

तीन, निकाल मॉडेलच्या नावानिशी जाहीर करा. पास झालेले आणि नापास झालेले, दोन्ही.

चार, मर्यादेच्या फेरविचाराची तारीख आधीच ठरवा. दर पाच वर्षांनी एका समितीने 'हाच आकडा ठेवतो, कारण...' असं लिहावं. त्या 'कारण'च्या पुढे काहीतरी लिहावं लागणं, हीच खरी देखरेख.

हे होईपर्यंत माहितीचा अधिकार आपल्या हातात आहेच. 'मोबाइल सुरक्षित आहे का?' असं विचारू नका, त्याला गुळगुळीत उत्तर येतं. मागच्या आर्थिक वर्षात बाजारातून किती फोन विकत घेतले, किती अंतरावर तपासले, किती मर्यादेबाहेर गेले आणि त्यांचं पुढे काय केलं, हे चार प्रश्न एका अर्जात मावतात. अर्जाला शुल्क दहा रुपये.